मैनानं दुसरा हात पुढं केला

परवा दोरीवरचे कपडे काढत होते. उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर काळे ठिपके पडलेले दिसले. बोटानं पुसायला गेले तर लांबट रेघ उमटली. म्हणजे कारखान्याचं धुराडं पेटलं. आमच्या कोपरगावच्या बाजूला गळीत हंगाम सुरू झाल्याची वर्दी अशी अंगणात, छपरावर, दुधाच्या पातेल्यात येऊन पडते. मग दोन-चार दिवसांत हवेला मळीचा आंबूस-गोड वास धरतो. उसाच्या ट्रॉल्या गाणी वाजवत रस्त्यानं डुलत जातात आणि गावाबाहेरच्या माळावर ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या उभ्या राहतात. पाचटाच्या, वरून प्लॅस्टिकचा कागद टाकलेल्या. माझ्या नवऱ्याला या वासानं म्हणे भूक लागते. माझं डावं मनगट ठणकायला लागतं.

मी अंगणवाडी सेविका आहे. बरीच वर्षं झाली. त्यातली पहिली काही वर्षं मी मुलांना मारत होते. हे वाक्य आता मी सरळ बोलू शकते. तेव्हा त्याला मारणं म्हणतात हेच मला माहीत नव्हतं. चापट, चिमटा, कान पिळणं, लाकडी फूटपट्टी. आया पोरांना दारात सोडताना स्वतःच म्हणायच्या, “ताई, ऐकलं न्हाई तर दोन द्या.” मी द्यायचे. माझ्या वडिलांच्या हातात बैलाचा कासरा असायचा. पाण्यात भिजवलेला कासरा पाठीवर बसला की आधी आवाज येतो, मग क्षणभर काहीच होत नाही आणि मग पाठ पेटते. त्या मधल्या क्षणात मी लहानपणी किती वेळा जगले असेन. त्यापुढं फूटपट्टी म्हणजे मला लाडच वाटायचा.

अशाच एका हंगामात माळावर जी टोळी उतरली ती पाथर्डीकडची होती. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी लागते, आणि त्या जोडीला म्हणतात कोयता. “यंदा किती कोयते आले?” असं गावात विचारतात. माणसं मोजायची ती हत्यारावर. त्यातल्या एका कोयत्याची, म्हणजे जनाबाईची आणि बाळूची मुलगी मैना. चार वर्षांची. मी तिला कोपीवरून अंगणवाडीत आणलं. नाव मैना, पण तोंडातून शब्द नाही. केस राठ, पिंगट. गालावर उसाच्या पात्यानं कापलेल्या बारीक रेघा. खिचडी हातानं न खाता ताटलीला तोंड लावून खायची. तिसऱ्या दिवशी तिनं एका पोराच्या दंडाला चावा घेतला, रक्त येईपर्यंत.

मी तिचा हात धरला आणि फूटपट्टीनं तळहातावर तीन मारल्या. तिनं हात मागं ओढला नाही. डोळ्यांची पापणी लवली नाही. तिसरी बसल्यावर तिनं तो हात खाली घेतला आणि आपण होऊन दुसरा हात पुढं केला.

“निबर हाय पोरगी,” मी आमच्या मदतनीस रशीदाभाभींना म्हटलं. भाभी चुलीपुढं बसल्या होत्या. मैनाला उचलून त्यांनी चुलीच्या उबेला नेलं.

त्यानंतर आठवड्याभरात आमचं ट्रेनिंग लागलं. तालुक्याच्या गावी, एका मंगल कार्यालयात, आठ दिवस. चाळीस सेविका. गुलाबी खुर्च्या, भिंतीवर कुणाच्या तरी लग्नातली थर्माकोलची अक्षरं अर्धी उरलेली. सकाळी धुक्यात गारठलेले पाय घेऊन आम्ही पोहोचायचो. मातीची खेळणी, काठीच्या बाहुल्या, बडबडगीतं, चिंचोक्यांनी मोजणी. आम्हाला गंमत वाटत होती. शिकवायला पठारे मॅडम होत्या. बुटक्या, आवाज बसलेला, पायात साध्या चपला. त्यांनी पहिले दोन दिवस मारण्याविषयी चकार शब्द काढला नाही.

तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “आज नाटक करू. दोघी-दोघी व्हा. एक ताई, एक मूल. मुलानं पाणी सांडलंय. ताईनं रागवायचं.”

माझ्या जोडीला शेजारच्या गावची सेविका होती. हसरी, जाडजूड बाई. ती झाली ताई, मी झाले मूल. मी खोटं खोटं पाणी सांडलं. ती हसतच “काय गं भवाने!” म्हणाली आणि तिनं हात उगारला.

पुढचं मला दुसऱ्यांनी सांगितलं. मी खुर्चीवरून खाली उतरले, भिंतीशी गुडघ्यात डोकं घालून बसले आणि दोन्ही हातांनी मान झाकली. पस्तिशीतली, दोन लेकरांची आई मी. सगळ्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या. ती बिचारी “अगं विमल, मी लावला बी न्हाई हात” म्हणत माझ्याजवळ बसली. माझ्या नाकात ओल्या कासऱ्याचा वास होता.

मॅडमनी मला पाणी दिलं. मग सगळ्यांकडं वळून म्हणाल्या, “बघितलंत? अंग विसरत नाही. हात उगारला की लेकरू दचकतं, अंग चोरतं, रडतं. ते ठीकच आहे. त्याला अजून आशा असते की आपण वाचू. जे दचकत नाही, त्याच्याकडं जास्त बघा. त्याच्या घरी रोज काय चालत असेल ते बघा.”

मी बसल्या जागेवरूनच म्हटलं, “मॅडम, माझ्याकडं एक पोरगी हाय. मी तिला मारलं. तिनं दुसरा हात पुढं केला.”

मॅडम मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “मग तुम्हाला तिच्या घरी जावं लागेल, विमलताई.”

आता मलाच शिकवायला कधी सुप्याला, कधी नागापूरला बोलावतात. तिथं कंपन्यांत जाणाऱ्या बायकांची मुलं सांभाळणाऱ्या पाळणाघरातल्या मुली असतात. शिकलेल्या, चुणचुणीत. त्यातली एक तरी दरवेळी विचारते, “ताई, पण एखादी चापट? अगदी हळू?” मी म्हणते, हळू मारणाऱ्याला हळू वाटतं. मारलेल्याला काय वाटतं ते विचारायला त्याला आधी बोलता आलं पाहिजे. मग मी त्यांना त्या रविवारची गोष्ट सांगते.

रविवारी ट्रेनिंगला सुट्टी होती. ऊन कलताना मी माळावर गेले. तोडीवरून आलेली माणसं चुली पेटवत होती, धूर जमिनीला चिकटून चालला होता. बाळूच्या कोपीपुढं चार-सहा जणं उभी होती. कोणी काही करत नव्हतं, कोणी निघूनही जात नव्हतं. मधे बाळू होता आणि त्याच्या हातात उसाचं टिपरं होतं. जनाबाई खाली पडली होती. तो तिला मांडीवर, कुशीवर, पाठीवर मारत होता, एका लयीत, फडात ऊस तोडावा तसा. टिपरं फुटून त्याचा रस तिच्या लुगड्यावर उडत होता. ती ओरडत नव्हती. दर फटक्याला तिच्या छातीतून नुसती हवा बाहेर पडायची.

कोपीच्या तोंडाशी मैना बसली होती. मांडीवर तान्हा भाऊ. तिनं त्याचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं होतं, त्याला दिसू नये म्हणून. स्वतः मात्र सगळं बघत होती. माझ्या फूटपट्टीकडं बघत होती तशीच.

मी मधे गेले. शूरबीर काही नव्हते. मला वाटलं, बाईमाणूस मधे आलं की थांबेल. मी डावा हात वर केला आणि टिपरं मनगटावर बसलं. उसाचं कांडं मोडताना होतो तसाच आवाज झाला. मला वाटलं, ऊसच मोडला.

मग मात्र टोळीचा मुकादम धावत आला, त्यानं बाळूला मागून कवळा घातला. मला म्हणाला, “बाई, तुमी कशाला आलात हितं? घरला जावा.” मी जनाबाईला उठवायला वाकले. तिच्या ओठातून रक्त येत होतं. ती माझ्या कानाशी म्हणाली, “ताई, तुमी याल अन् जाल. मला ह्याच कोपीत निजायचंय. जावा तुमी.”

नवऱ्यानं मला मोटारसायकलवर दवाखान्यात नेलं. वाटेत तो एवढंच बोलला, “आपला ऊस अजून उभा हाय, विमल. ती टोळी पंधरा दिसांनी आपल्याच फडात येनार हाय.” डॉक्टरांनी विचारलं, कशानं झालं? तो म्हणाला, “मोरीत पाय घसरला.” डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “व्हय. घसरले.”

सोमवारी प्लॅस्टर घेऊन ट्रेनिंगला गेले. “काय गं झालं?” सगळ्यांनी विचारलं. “मोरीत पडले,” मी म्हटलं. कोणी डोळे खाली घातले, कोणी पदर सारखा केला. मागून एक म्हातारी सेविका म्हणाली, “आमच्या मोरीत बी लई शेवाळं हुतं बाई. वीस वर्षं.” दोघी-तिघी हसल्या. मग मी खरं सांगितलं. पहिल्यापासून, फूटपट्टीपासून.

त्याच संध्याकाळी पठारे मॅडम माझ्याबरोबर पोलिसांत आल्या. तक्रार लिहून दिली. ‘बघतो’ म्हणाले, पण बघायला कोणी आलं नाही. तिथून आम्ही माळावर गेलो. मॅडम जनाबाईपुढं उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, “तुला कुठं जायचं असेल तर सांग. आज नाही सांगितलंस तरी चालेल. विमलताईंची अंगणवाडी दहा ते दोन उघडी असते.” जनाबाई भाकरी थापत राहिली. गावात माझ्याशी कोणी धड बोलेना. टोळी उठून गेली तर सगळ्यांचाच ऊस वाळणार होता. नवऱ्यानं माझ्याशी अबोला धरला. ताट वाढलं की जेवायचा, उठायचा.

ट्रेनिंग संपून सहा दिवस झाले होते. सकाळी दहाला मी कुलूप उघडत होते तर पायरीवर जनाबाई. कडेवर तान्हा, बोटाला मैना, डोक्यावर बोचकं. “पाथर्डीची गाडी कुठनं लागती?” एवढंच. तिच्या कपाळावर ताजी जखम होती, हळद भरलेली. मी म्हटलं, “बाळू?” ती म्हणाली, “फडात हाय. पान्याला जाते म्हनून आले. राती त्यानं पोरीवर कोयता उगारला. मपल्यावर उगारला असता तर नसते आले.”

मुलं भाभींवर सोपवून मी त्यांना रिक्षानं स्टँडवर नेलं, नगरच्या गाडीत बसवलं, तिथं पाथर्डीची गाडी दाखवा म्हणून कंडक्टरला सांगितलं. गाडी सुटली तेव्हा मैना खिडकीत होती. तिनं हातबीत काही हलवला नाही.

परत आले तेव्हा बारा वाजून गेले होते. भाभी खिचडी वाढत होत्या. सतरा मुलं ओळीत बसलेली. आणि बाळू दारात आला.

त्याच्या हातात कोयता होता. आधी त्यानं लाथेनं पातेलं उडवलं. गरम खिचडी भाभींच्या पायावर पडली, त्या किंचाळल्या. “कुठं हाय मपली बायकू? कुठं धाडली?” त्यानं कोयता फळ्यावर घातला, फळा उभा चिरला. खेळण्यांच्या मांडणीवर घातला. मातीचे बैल, आम्ही ट्रेनिंगमध्ये शिकून केलेले, सगळे खाली. मुलं रडत होती. मॅडमनी शिकवलेलं मला एकच आठवलं : आवाज चढवायचा नाही, मुलांना काम द्यायचं. मी म्हटलं, “चला, आगगाडी करा. भाभीच्या मागं. मागच्या दारानं.” माझा आवाज माझाच वाटत नव्हता. भाजलेल्या पायानं भाभी उठल्या आणि “झुक झुक” करत पुढं झाल्या. मुलांनी रडतच एकमेकांचे सदरे धरले. त्या बाईचं नाव मी आजही उठता-बसता घेते. सोळा मुलं त्यांनी तशी बाहेर काढली.

सतरावी तनू. ती टेबलाखाली शिरून बसली होती आणि मला ते ठाऊक नव्हतं.

बाळू माझ्या अंगावर आला. मी खिचडीची लोखंडी पळी उचलली आणि उजव्या हातानं त्याच्या मनगटावर घातली. कोयता पडला. तो वाकला तेव्हा दुसरी कानावर घातली. तो गुडघ्यावर आला, मग आडवा झाला, तोंडावर हात घेऊन. आता तो काहीही करू शकत नव्हता. आणि मी तिसरी घातली. पूर्ण ताकदीनं. पहिल्या दोन मारणं भागच होतं. तिसरीची गरज नव्हती. ती मारताना माझ्या अंगातून जे गेलं ते सुख होतं, मी खोटं कशाला बोलू. तेच सुख माझ्या बापाला होत असेल, हे मला त्याच क्षणी कळलं आणि पळी हातातून सुटली. तेव्हा मला टेबलाखालचे डोळे दिसले.

माणसं धावत आली, बाळूला धरलं, पोलीस घेऊन गेले. त्याचा एक कान त्यानंतर कायमचा गेला असं ऐकलं. टोळी गेली नाही. मुकादमानं दुसरी जोडी आणली. आमचा ऊस मात्र सगळ्यात शेवटी तुटला. त्याला पांढरे तुरे आले होते, आणि ते वाऱ्यावर हलताना बघून नवरा बांधावर बसायचा. एक दिवस तो न बोलता अंगणवाडीत आला आणि दाराला आतून जाड कडी ठोकून गेला.

गावात मी एकदम वाघीण झाले. ज्यांनी तोंड फिरवलं होतं तेच पळीची गोष्ट सांगायला लागले, प्रत्येक वेळी एक फटका वाढवून. मला ते ऐकवायचं नाही. पठारे मॅडम भेटीला आल्या तेव्हा मी त्यांना तिसऱ्या फटक्याचं सांगितलं. “मला तुम्हाला शाबासकी देता येत नाही, आणि रागवायचा मला अधिकार नाही,” त्या म्हणाल्या. “पण तनूनं बघितलंय. तिच्याशी बोला.”

बोलले. चार वर्षांच्या पोरीपुढं बसून म्हटलं, “तनू, त्या दिवशी ताई घाबरली होती. मग ताईला राग आला. तो खाली पडल्यावर ताईनं मारायला नको होतं. ताईचं चुकलं.”

तिनं नाक वर ओढलं. “लई जोरात मारलं तुमी,” ती म्हणाली.

“व्हय. लई जोरात.”

“त्याचं रगत आलं.”

“आलं.”

जनाबाईचा निरोप दीड महिन्यानं आला, तिच्या भावाच्या मोबाईलवरून. ती खुरपायला जाते, बाळू एकदा येऊन दंगा करून गेला, भावकीनं त्याला पिटाळलं. मैना तिथल्या अंगणवाडीत जाते. “बोलती का?” मी विचारलं. “मपल्याशी बोलती,” जनाबाई म्हणाली, “बाकी कुनाशी न्हाई.” मला मैनाची माफी मागायची होती, फूटपट्टीची. मैनाला फोन द्या म्हटलं. पलीकडं नुसता श्वास ऐकू आला. मी मागितली. श्वास तसाच चालू राहिला, मग फोन बंद झाला.

इकडं आमच्या मुलांनी खेळ काढला होता. रोज तोच. एक जण बाळू व्हायचा, दारातून ओरडत यायचा, काठी आपटायचा. तनू ताई व्हायची आणि बाहुलीघरातल्या चमच्यानं त्याला बडवायची. बाकीची किंचाळत आगगाडी करायची. दिवसाला पाच-पाच वेळा. मला बघवायचं नाही. पहिल्यांदा मी थांबवायला उठले तर भाभींनी माझा पदर ओढला. भेटीला आलेल्या मॅडमनी सांगितलेलं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं आठवत होतं. खेळात येतंय म्हणजे पोटातून निघतंय. तोडू नका, जवळ बसा, लागणार नाही एवढं बघा. मी बसायचे. रोज माझ्यापुढं मीच एका माणसाला मारत होते. एक, दोन, तीन. तनू तिसरा कधी चुकवायची नाही. पोरं अचूक बघतात.

असे तीन आठवडे गेले. एक दिवस दुपारी बाळू झालेला सोहम दारातून ओरडत आला, “कुठं हाय मपली बायकू?” त्यानं काठी आपटली. तनू चमचा घेऊन उठली. तिनं चमचा वर केला आणि तो तसाच धरून त्याच्याकडं बघत राहिली. मी हलले नाही.

“तुला भूक लागली का?” तनूनं विचारलं.

सोहम गोंधळला. हे खेळात नव्हतं. त्यानं काठीकडं बघितलं, मग रिकाम्या ताटल्यांच्या ओळीकडं. “व्हय,” तो म्हणाला, “लई.”

तनूनं चमचा खाली घेतला आणि बाहेरच्या नळाकडं बोट केलं.

“मग ती काठी तिकडं टाक,” ती म्हणाली, “अन् आधी हात धुऊन ये.”